शह, चौकट आणि पैसे: ‘चेक’ या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत वटतो तो चेक, शर्टावर असतात ते चेक्स, डॉक्टर करतात ते चेकअप, ओढ्यावर बांधतात तो चेक डॅम, आणि बुद्धिबळात राजाला मिळतो तोही चेक. मराठीत हे सगळे शब्द इतके मुरले आहेत की ते एकमेकांचे कोण लागतात हा प्रश्न सहसा पडत नाही. ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हे पान.

हा एकच शब्द आहे की सारखे ऐकू येणारे वेगवेगळे शब्द?

एकच. इंग्रजीत असे योगायोग पुष्कळ आहेत. नदीकाठाची बँक आणि पैशांची बँक वेगवेगळ्या वाटांनी त्या भाषेत आल्या. ‘चेक’चं तसं नाही. वर दिलेले सगळे अर्थ बुद्धिबळाच्या पटावरून निघाले आहेत.

पटावरून त्याला दोन वाटा फुटल्या. एक खेळातल्या कृतीची, म्हणजे राजाला शह देण्याची. तिच्यातून अडवणं, मग आवर घालणं, मग पडताळणं, आणि पडताळणीसाठी ठेवलेला कागद किंवा बिल्ला असे अर्थ आले. दुसरी वाट पटाची, म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकटींची. तिच्यातून कापडाची नक्षी, शर्यतीचा झेंडा आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचं पदनाम आलं. पुढे या दोन वाटा एका ठिकाणी पुन्हा मिळाल्या. ते ठिकाण म्हणजे बँकेचा चेक.

मूळ शब्द कोणत्या भाषेतला?

फारसी. ‘शाह’ म्हणजे राजा. आपल्याकडचं चतुरंग सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात गेलं, तिथे त्याचं चतरंग झालं आणि अरबांनी इराण जिंकल्यावर शतरंज. समोरच्याचा राजा माऱ्यात आला की खेळाडू ‘शाह!’ म्हणून सावध करायचा. राजा सांभाळ, एवढाच त्याचा अर्थ. अरबांबरोबर हा खेळ स्पेन आणि सिसिलीमार्गे दहाव्या शतकापर्यंत युरोपात पोचला, आणि ही आरोळीही त्याच्याबरोबर गेली. तिकडच्या लोकांना शाह म्हणजे राजा हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी तो खेळात उच्चारायचा एक शब्द होता, त्यामुळे त्याचा अर्थ हवा तसा वाहायला मोकळा झाला.

पण ‘शाह’चा ‘चेक’ कसा होईल? दोन्हींत एकही अक्षर सारखं नाही.

एकदम झाला नाही. मध्ये दोन-तीन भाषांच्या जिभा आहेत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘श’ लिहायला सोय नव्हती आणि शेवटचा ‘ह’ ही त्या लोकांना झेपेना. म्हणून लिहिलं गेलं ‘स्काकुस’. जुन्या फ्रेंचला शब्दाच्या सुरुवातीचं ‘स्क’ जड जायचं, म्हणून पुढे ‘ए’ लागला. इस्कूल आणि इस्टेशन म्हणणाऱ्यांची जी अडचण, तीच ही. त्यातून ‘एशेक’ झालं. इंग्रजांनी तो फ्रेंच शब्द घेतला, पुढचा ‘ए’ उडवला, आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत ‘चेक’ दिसू लागला.

खुद्द ‘चेस’ हे खेळाचं नावही इथलंच. ते ‘एशेक’चं अनेकवचन. म्हणजे इंग्रजीत बुद्धिबळाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘राजे’. जर्मन शाख, इटालियन स्काक्की, रशियन शाखमाती ही सगळी त्याच घरातली नावं. फ्रेंचमध्ये अनेकवचनी एशेक म्हणजे बुद्धिबळ आणि एकवचनी एशेक म्हणजे अपयश. हरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नाही.

‘चेकमेट’ म्हणजे ‘राजा मेला’ ना?

सर्रास असंच सांगितलं जातं आणि ते बहुधा बरोबर नाही. अरबीत ‘मात’ म्हणजे ‘मेला’, हे खरं. पण मूळ शब्दप्रयोग फारसी आहे, आणि फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, गोंधळलेला, काही सुचेनासा झालेला. ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला. अरबांनी तो ऐकला तेव्हा त्यांच्या भाषेतला मरणाचा शब्द त्याला चिकटला असावा.

खेळाचे नियमही फारसी अर्थाच्याच बाजूने आहेत. बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही, त्याला हलायला जागा उरली नाही की डाव तिथेच संपतो. मित्र या अर्थाचा इंग्रजी ‘मेट’ मात्र निराळा. तो जर्मन वळणाचा शब्द आहे आणि मुळात एकत्र जेवणाऱ्याला म्हणायचा.

म्हणजे मराठीतला ‘शह’ आणि इंग्रजीतला ‘चेक’ भाऊ झाले?

सख्खे. मराठीने फारसीकडून शह आणि मात हे शब्द थेट घेतले, म्हणून आपल्याकडे ते फारसे बदलले नाहीत. इंग्रजीला तोच ऐवज चार हातांतून मिळाला, म्हणून ओळखू येत नाही. गंमत अशी की दोन्ही भाषांनी पुढे त्याचा लाक्षणिक वापर जवळजवळ सारखाच केला. प्रतिस्पर्ध्याला शह दिला, शह-काटशहाचं राजकारण, अडचणींवर मात केली, ही मराठी वाक्यं बुद्धिबळ कधी न खेळलेले लोकही बोलतात. हिंदीत मात्र ‘शह देना’चा अर्थ फूस लावणं, पाठबळ देणं असाही होतो. हिंदीतून मराठीत भाषांतर करताना इथे घसरायला होतं.

नातं आणखी मागे नेता येतं. ‘शाह’ची जुनी फारसी धातू सत्ता गाजवण्याची आहे आणि तिची संस्कृतातली बहीण म्हणजे ‘क्षत्र’, ज्यातून क्षत्रिय आला. इराणी साम्राज्यातल्या प्रांताधिकाऱ्याचं नाव आपल्या इतिहासात ‘क्षत्रप’ म्हणून येतं, तेही याच मुळाचं. फारसी ‘शहर’ हाही शब्द मुळात राज्य या अर्थाचा, याच गोतावळ्यातला. तेव्हा शहर, बादशहा, क्षत्रिय आणि चेकबुक यांची कुंडली एकच निघते. शहामृगाला मात्र या यादीत घेऊ नका. तो फारसी शुतुरमुर्ग, म्हणजे उंटपक्षी. मराठीत येताना त्याने राजघराण्याचं नाव लावून घेतलं, इतकंच.

शह देण्याचा अर्थ ‘थांबवणं’ कसा झाला?

शह मिळाला की खेळाडूला आपला बेत बाजूला ठेवावा लागतो. वजीर कितीही चांगल्या जागी जाऊ शकत असेल, आधी राजा वाचवा. म्हणजे शह हा हल्ला आहेच, पण त्याहून जास्त ती एक सक्ती आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत ‘चेक करणे’ म्हणजे अचानक थांबवणं, रोखणं, लगाम घालणं असा वापर रूढ झाला होता. ‘तपासणे’ हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला अर्थ त्याच्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी आला.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मराठीत आपण फक्त धाकटा अर्थ घेतला आणि थोरला दारातच राहिला. पुढचे दोन प्रश्न त्यातूनच निघतात.

चेक डॅम आणि चेक व्हॉल्व्ह: इथे काय ‘चेक’ करतात?

काहीच तपासत नाहीत. चेक डॅम म्हणजे वाहत्या पाण्याचा वेग रोखणारा छोटा बंधारा. त्याचं काम पाणी साठवण्यापेक्षा त्याची धाव मोडण्याचं आहे. धाव मोडली की माती खाली बसते, ओहोळाचा काठ खचत नाही आणि पाण्याला जमिनीत मुरायला वेळ मिळतो.

चेक व्हॉल्व्ह म्हणजे पाणी किंवा वायू एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. उलटा प्रवाह आला की तिची पाकळी किंवा गोळी आपोआप बसते आणि वाट बंद होते. पंप बंद पडल्यावर वर चढवलेलं पाणी माघारी येत नाही ते हिच्यामुळे. चेकनट ही अशीच. पहिला नट ढिला होऊ नये म्हणून त्याच्यावर आवळलेला दुसरा नट. तांत्रिक मराठीत या शब्दांचं ‘तपासणी झडप’ वगैरे भाषांतर कधीकधी वाचायला मिळतं. ते साफ चुकीचं आहे. रोधक झडप म्हणावं.

राज्यशास्त्रातले ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणजे तपासण्या का?

तपासण्या नव्हे, अटकाव. सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला शह देता यावा, हा त्यातला विचार. फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यू यांनी १७४८ मध्ये मांडलं की सत्तेचा गैरवापर टाळायचा तर सत्तेनेच सत्तेला रोखलं पाहिजे. १७८७ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेवर वाद चालू असताना हे शब्द तिथल्या लेखनात ठळकपणे येऊ लागले. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष विधेयक नाकारू शकतो, आणि संसदेची दोन्ही सभागृहं दोन तृतीयांश मतांनी तो नकार उलटवू शकतात. हे शह आणि काटशह आहेत. मराठीत या संकल्पनेला ‘नियंत्रण आणि संतुलन’ म्हणतात. अर्थ बरोबर आहे, पण ‘शह’ हा नेमका शब्द हाताशी असताना तो का वापरला गेला नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

मग ‘तपासणे’ हा अर्थ आला कुठून?

हिशेबातून. एखाद्यावर नियंत्रण ठेवायचं तर त्याने सांगितलेलं खरं का, हे दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहावं लागतं. इंग्लंडच्या शाही गोद्यांमध्ये ‘क्लार्क ऑफ द चेक’ नावाचा अधिकारी असे. कामावर कोण आलं, कोण आलं नाही, याचा हजेरीपट तो ठेवायचा. या पदनामातल्या चेकमध्ये रोखणं आणि पडताळणं दोन्ही आहेत आणि ते वेगळे काढता येत नाहीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘दुसऱ्या गोष्टीशी जुळवून खरंखोटं ठरवणं’ हा अर्थ स्वतंत्रपणे स्थिरावला.

चेकपोस्ट, चेकनाका आणि चेकपॉइंट या शब्दांत तो जुना जोड अजून टिकून आहे. तिथे आधी अडवतात, मग तपासतात.

चौकटीच्या कापडाला चेक्स का म्हणतात?

बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. इंग्रजीत त्याचा ‘चेकर’ झाला आणि पटासारख्या चौकटी असलेल्या कुठल्याही नक्षीला तो लागू लागला. पंधराव्या शतकाच्या आसपास ‘चेकर’ छाटून नुसतं ‘चेक’ झालं. पोर्तुगीजमध्ये तर शाद्रेज या एकाच शब्दात बुद्धिबळ आणि चौकडीची नक्षी दोन्ही येतात.

मोटारशर्यत संपल्यावर हलवतात तो काळापांढरा झेंडा याच नक्षीचा. १९०६ च्या सुमारास अमेरिकेतल्या शर्यतींमध्ये तो दिसतो. इंग्रजीत एखाद्याची कारकीर्द ‘चेकर्ड’ होती असं म्हणतात तेव्हा तिच्यात उजळ आणि काळे चौकोन आलटून पालटून होते असं सुचवायचं असतं. सभ्य भाषेत काळे जरा जास्तच होते, असंही.

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ का म्हणतात? त्यातला ‘एक्स’ म्हणजे माजी?

माजी नव्हे. ‘एक्स’ ही जुन्या लेखनिकांची चूक आहे. फ्रेंच ‘एशेकिए’च्या सुरुवातीचं ‘एस’ पाहून त्यांना वाटलं हा लॅटिन ‘एक्स’चा अपभ्रंश असणार, आणि त्यांनी तो ‘सुधारला’. ती सुधारणा आजतागायत चालू आहे.

एक्स्चेकर म्हणजे बुद्धिबळाचा पट. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल खरोखरच एका पटावर मोजला जाई. खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी ११७० च्या दशकाच्या अखेरीस त्या कारभाराचं बारकाईने वर्णन लिहून ठेवलं आहे. सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद मेज, त्याच्या चारही बाजूंना ४ बोटं उंचीची कड, म्हणजे वर ठेवलेलं काही घरंगळून पडू नये. त्यावर काळं कापड, आणि कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. रेघांमधल्या रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार असे टप्पे. रकान्यांत सोंगट्या ठेवायच्या आणि सरकवायच्या.

हे कशासाठी, तर त्या काळी आकडे रोमन पद्धतीने लिहीत आणि त्या आकड्यांत शून्य नाही. त्यांची कागदावर बेरीज-वजाबाकी करणं जवळपास अशक्य. शिवाय हिशेब द्यायला येणाऱ्या शेरीफांपैकी, म्हणजे राजाच्या वतीने महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी, अनेकांना वाचता येत नसे. पटावरच्या सोंगट्या मात्र सगळ्यांना दिसतात. एका बाजूला देणं किती, दुसऱ्या बाजूला भरलं किती. फिट्झनील म्हणतात की नाव पटाच्या दिसण्यावरून पडलंच, पण आणखी एक साम्य आहे: बुद्धिबळात जशी दोन राजांची लढाई, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची. बाकीचे बसून पाहतात. कर भरताना आजही हे वर्णन पटावं.

या खात्यात पैसे भरल्याची पावती म्हणजे खाचा पाडलेली लाकडी काठी. ती उभी चिरून एक भाग भरणाऱ्याला, एक खात्याकडे. पुढेमागे वाद झाला तर दोन्ही भाग जुळवून बघायचे. ही पद्धत १८२६ पर्यंत चालली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या संसदभवनाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, भट्ट्या तापल्या आणि अख्खं संसदभवनच जळालं.

बँकेचा चेक या सगळ्यात कुठे बसतो?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याचा आदेश नव्हता. आदेशाच्या कागदाचं मागे राहणारं अर्धुक, ज्याला आपण काउंटरफॉइल म्हणतो, तो चेक. पुढे आलेला कागद खरा का बनावट, हे त्या अर्धुकाशी ताडून ठरायचं. म्हणजे पडताळणीचा कागद. हळूहळू नाव अर्धुकावरून मुख्य कागदावर सरकलं.

कागद मात्र नावापेक्षा जुना. हाताने लिहिलेला १६५९ सालचा, ४०० पौंडांचा एक आदेश इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या शिल्लक चेकपैकी एक मानला जातो. त्या काळी त्याला चेक म्हणत नसत.

चेक हा शब्द अरबी ‘सक्क’वरून आला, असं वाचलं होतं.

पुष्कळांनी वाचलंय आणि तर्क मोहक आहे. मध्ययुगात अरब व्यापाऱ्यांमध्ये सक्क नावाचा लेखी देयकागद खरोखर चालायचा. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण टोकाला असलेल्या औदघुस्त गावी ४२,००० दिनारांचा असा कागद पाहिल्याची नोंद केली आहे. इतकी रक्कम उंटावर लादण्यापेक्षा कागद खिशात घालणं शहाणपणाचंच.

पण वस्तू जुनी असणं आणि नाव तिच्यावरून पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत चेक या शब्दाचा माग अर्धुकापर्यंत आणि तिथून पडताळणीपर्यंत सलग लागतो. मधे सक्कला शिरायला जागाच नाही. शिवाय आजच्या अरबीत चेकला ‘शीक’ हा युरोपातून परत आलेला शब्द चालतो. सक्कचा वंश इंग्रजीत गेला असता, तर अरबांना उसना घ्यावा लागला नसता, असं नाही म्हणता येणार, पण शंका घ्यायला ते पुरेसं आहे.

ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंग वेगळं का?

अमेरिकी लोक जुनं साधं स्पेलिंग, शेवटी ‘सी-के’ असलेलं, सगळ्या अर्थांना वापरतात. ब्रिटनमध्ये बँकेच्या कागदापुरतं ‘क्यू-यू-ई’ने संपणारं स्पेलिंग रूढ झालं. त्यावर एक्स्चेकर या शब्दाची छाप आहे, म्हणजे शहाच्या वाटेने आलेल्या शब्दाने पटाच्या वाटेवरचे कपडे घातले. १८२० च्या दशकात बँकतज्ज्ञ जेम्स विल्यम गिल्बार्ट यांनी या स्पेलिंगचा पुरस्कार केला. कारण व्यवहारी होतं: बाकीच्या अर्थांशी गोंधळ होऊ नये. देवनागरीत लिहिणाऱ्यांना ही सोय नाही, आणि गरजही भासत नाही. ‘चेक वटला’ म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे शर्ट येत नाही.

‘क्रॉस चेक’ आणि ‘क्रॉसचेक करणे’ यांत काही नातं?

ऐकायला जुळे, कामाने परके. क्रॉस केलेला चेक म्हणजे ज्याच्यावर दोन समांतर तिरप्या रेघा आहेत तो. त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. ही रीत लंडनच्या क्लिअरिंग हाउसमध्ये, म्हणजे बँका एकमेकांच्या चेकचा हिशेब मिटवत त्या ठिकाणी, निघाली. तिथले कारकून चेकवर आडवं आपल्या बँकेचं नाव लिहीत. क्रॉसचेक करणे म्हणजे एकच गोष्ट दुसऱ्या मार्गाने पडताळणं. ‘मी तो क्रॉस चेक केला’ हे वाक्य बँकेत म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात, तेव्हा तिथे जरा सांभाळून.

अमेरिकेत हॉटेलच्या बिलाला चेक म्हणतात. आणि ‘चेक-इन’ सामान म्हणजे तपासलेलं सामान का?

दोन्हींचं उत्तर एकच. अर्धुकाचा अर्थ अमेरिकेत फार पसरला. पडताळून पाहता येईल असा कुठलाही बिल्ला, चिठ्ठी किंवा तिकिटाचा तुकडा म्हणजे चेक. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रेल्वेवर सामानाला पितळी बिल्ला बांधत आणि त्याचा जोडीदार प्रवाशाच्या हातात देत. उतरल्यावर दोन्ही जुळले की सामान ताब्यात. विमानतळावर सामान ‘चेक’ करणं म्हणजे हेच, बिल्ल्यावर सोपवणं. आत क्ष-किरणांखाली ते तपासतातही, पण तपासतात ते हातातल्या पिशवीलाही. हॉटेलातल्या बिलाची चिठ्ठीही याच अर्थाने चेक झाली.

‘रेन चेक’ही असाच. १८८० च्या दशकात अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर तिकिटाचं अर्धुक पुढच्या सामन्याला चालायचं. आता कोणी निमंत्रणाला ‘रेन चेक घेतो’ म्हणालं, तर त्याला ‘आज नको, पुन्हा कधीतरी’ म्हणायचं असतं. पावसाचा संबंध नाही.

बरोबरच्या खुणेला काय म्हणायचं, टिक की चेक?

ब्रिटिश टिक म्हणतात, अमेरिकी चेक. संगणकावरचा चेकबॉक्स अमेरिकेचा. ती खूण सगळीकडे ‘बरोबर’च सांगते असंही नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये उत्तरपत्रिकेवर ती चुकलेल्या उत्तरापुढे करण्याची पद्धत आहे.

चेक डिजिट म्हणजे काय?

लांबलचक क्रमांकाच्या शेवटी जोडलेला पहारेकरी आकडा. तो आधीच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मधला एखादा आकडा चुकला की शेवटचा जुळत नाही. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकाला वापरतात ती रीत आयबीएममधले हान्स पीटर लून यांची. पेटंटसाठी अर्ज १९५४ मध्ये, पेटंट १९६० मध्ये मिळालं. पुस्तकांच्या जुन्या १० अंकी आयएसबीएनमध्ये, म्हणजे ओळख क्रमांकात, हे गणित ११ ने चालायचं, म्हणून शेवटी १० हे उत्तर येऊ शकायचं. एका जागेत १० कसे लिहिणार? त्याऐवजी रोमन ‘एक्स’. पुस्तकाच्या पाठीवर तो एक्स पाहून छपाईची चूक समजणारे बरेच असतील.

पोकर, आइस हॉकी आणि बहिरी ससाणे यांतही चेक आहे म्हणे?

आहे. पोकरमध्ये चेक म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे ढकलणं. आइस हॉकीत बॉडी चेक म्हणजे अंगाने धडकून प्रतिस्पर्ध्याला रोखणं, थोरल्या अर्थाचं सर्वांत धसमुसळं रूप. ससाण्यांच्या शिकारीत पक्षी आपलं सावज सोडून वाटेत दिसलेल्या भलत्याच पाखरामागे लागला की त्याने चेक केलं असं म्हणत.

चेकपॉइंट चार्लीतला चार्ली कोण?

कोणी नाही. शीतयुद्धाच्या काळात दुभंगलेल्या बर्लिनमधल्या एका तपासणी नाक्याचं हे नाव, आणि त्यातलं चार्ली म्हणजे ‘सी’ हे अक्षर. नाटोच्या उच्चारमालेत ए म्हणजे आल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली. पश्चिमेकडून बर्लिनला जाताना हेल्मश्टेटला आल्फा, बर्लिनच्या वेशीवर ड्राइलिंडेनला ब्राव्हो आणि शहरात फ्रीडरिखश्ट्रासवर तिसरा चार्ली. १९६१ मध्ये इथेच अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे राहिले होते. दोघेही शह देऊन थांबले.

चेक प्रजासत्ताकाचा या शब्दाशी काही संबंध?

अजिबात नाही. ते एका स्लाव्ह जमातीचं नाव आहे, आणि त्या लोकांच्या दंतकथेत चेख नावाचा मूळपुरुष येतो. इंग्रजीतलं स्पेलिंग पोलिश वळणाचं आहे, म्हणून ते इतकं अनोळखी दिसतं. देवनागरीत दोन्ही ‘चेक’ एकसारखेच लिहिले जातात. त्यामुळे ‘चेक बँक’ असं नुसतं शीर्षक वाचलं तर पुढची ओळ वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि चायनीज चेकर्स तरी बुद्धिबळाच्या पटावरून आलेलं आहे का?

तेही नाही, आणि ते चिनीही नाही. खेळ जर्मनीत १८९२ मध्ये ‘श्टेर्नहाल्मा’ या नावाने निघाला. चांदणीच्या आकाराचा पट आणि गोट्यांसाठी गोल खळगे. १९२८ मध्ये अमेरिकेत तो विकायला आणणाऱ्यांना परदेशी वाटेल असं नाव हवं होतं. ‘चायनीज’ त्यातून आलं, आणि ‘चेकर्स’ हे तिथल्या एका लोकप्रिय खेळाचं नाव आयतं मिळालं. त्या पटावर चौकट एकही नाही.